न घेतलेला घोट

मी तांब्याचा प्याला आहे, आणि मला भीती वाटते. भांड्याला कसली आलीय भीती, असं म्हणून हसू नका. आधी ऐकून घ्या.

कोरेगावच्या अल्लाबक्ष तांबटाच्या दुकानात मी मोडीच्या ढिगात पडलो होतो. फुटक्या बंबाचा काळा पत्रा, दुसरं काय! कुंडलजवळच्या एका वस्तीवरच्या ख्रिस्ती मंडळीला प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत द्राक्षरसाचा घोट घ्यायच्या विधीसाठी, प्याला हवा होता. अल्लाबक्षने ढिगात हात घातला आणि मला उचललं. माझ्याहून चांगले पत्रे तिथे होते. मलाच का उचललं, ते त्याने कधी सांगितलं नाही. ठोकून, वाकवून, आतून कल्हई करून त्याने मला चर्चमध्ये धाडलं.

तिथे मी हातोहात फिरायचो. एक घोट घ्यायचा आणि शेजाऱ्याला द्यायचं. कुणी डोळे मिटून प्यायचं, कुणी घाईघाईत. मंडळीतले लालासाहेब तर चक्क दोन घोट मारायचे.

नाथाजींचं मात्र वेगळंच होतं. माझ्यातल्या रसाची द्राक्षं दर वर्षी त्यांच्याच बागेतली, पण मला घेताना त्यांचे हात लटलट कापायचे. मिटलेले ओठ ते माझ्या काठाला टेकवायचे, गिळल्यासारखं करायचे आणि मला पुढे सरकवायचे. एक थेंबही आत जात नसे. पलीकडे बायकांत बसलेल्या बनुबाईंना, त्यांच्या बायकोलाही, हे ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं ते फक्त मला कळत होतं.

कोरोनानंतर चर्चमध्ये प्लॅस्टिकचे इवलेसे कप आले. मी कपाटात गेलो. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन न्यायचं असलं, तरच मला बाहेर काढत.

परवाच्या उन्हाळ्यात नाथाजी अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाई क्रांती मला पिशवीत घालून स्कूटरवरून त्यांच्या घरी घेऊन गेल्या. मला बघताच नाथाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाई, न्या त्यो प्याला. मी कवाच पिलेलो न्हाई."

"आवं, काय बोलताय ह्ये?" बनुबाई दचकल्या.

"पोरगा होतो तवा पाळकसाहेबांनी इचारलं, येशूवर इस्वास हाय का? समदी व्हय म्हणाली, म्हणून मीबी म्हणालो. आत काईच नव्हतं. देवाफुडं खोटं बोललो. नालायकानं पिलं तर प्याला त्येच्यावरच उलटतो म्हणत्यात. देवानं मला निवडलंच नसंल तर? आता कुठं जाऊ मी?"

इतकी वर्षं हा माणूस मलाच भीत होता! मी विष आहे का? मला तरी कुठे ठाऊक होतं?

पाळकबाई खाटेच्या कडेला बसल्या. "आबा, तुमच्या व्हय म्हणण्यावर देवाचं काय अडलं न्हाई. त्यानं आधीच हात पुढं केलाय. लायक म्हणून ह्ये कुणालाच देत न्हाईत. मला तरी कुठं दिलंय?"

भिंतीकडचं तोंड नाथाजींनी हळूच वळवलं. मग हात पुढे केले, पण बोटं माझ्याभोवती मिटेनात.

"धरवत न्हाई, बाई."

"तुमी नका धरू. मी धरते."

माझ्या काठाला त्यांचे ओठ लागले आणि पहिल्यांदाच उघडले. रस आत गेला. आणि लगेच असा ठसका लागला, की त्यांचे डोळे पांढरे झाले. बनुबाई छाती चोळू लागल्या. उलटलो की काय मी त्यांच्यावर? मीच जीव घेतला का?

हळूहळू श्वास परतला. नाथाजींनी डोळे उघडले.

"बाई," ते म्हणाले, "आजून एक घोट द्या."

चौथ्या दिवशी ते गेले.

आता मी पुन्हा कपाटात आहे. कल्हई उडालीय, आत हिरवट डाग पडलेत. आपण परत मोडीत जाणार, हीच माझी भीती. मग आठवतं, ढिगातून उचलताना माझी लायकी कुणी पाहिलीच नव्हती.

एवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारी कुणाचे हात कापत असतील, तर प्याला त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. जरा धरा त्याच्यासाठी.