पाच आठवड्यांनंतरचं माप

बंगळुरूला, व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये सुचेता आरशासमोर उभी होती आणि ब्लाउजचे हूक काही केल्या लागत नव्हते. उद्या भावाच्या लग्नासाठी पुण्याला निघायचं होतं.

ब्लाउज आईने स्वतः शिवून पाठवला होता. पण सुचेताने तिला आजचं माप दिलंच नव्हतं. रोजचं जेवण नोंदवलं की फोनमधलं अ‍ॅप सांगायचं, असंच खाल्लंत तर पाच आठवड्यांत चार किलो कमी. त्या भरवशावर तिने छाती-कंबर दोन-दोन इंच कमी कळवली, वर बजावलं, "आत जादा कापड ठेवू नकोस, फुगतं." सकाळी खालच्या टेलरने ब्लाउज उलटा करून पाहिला आणि परत दिला. "उसवायला स्वल्पही जागा नाही, अक्का."

अ‍ॅपला तरी काय बोल लावणार? त्याला ती स्वतःच्या ताटातलं तेवढंच सांगायची. लेकाने, तनयने, टाकलेला अर्धा पराठा, त्याच्या वाटीतलं उरलेलं श्रीखंड ती ओट्याशी उभ्या उभ्या संपवायची. अन्न वाया जाऊ नये एवढंच डोक्यात. ते आपण जेवलो असं तिने कधी धरलंच नाही.

फोन वाजला. "बसला का गं नीट?" आईने विचारलं.

"जरा घट्ट होतोय."

आई लगेच म्हणाली, "माझंच चुकलं असणार. हल्ली टेपवरचे आकडे धड दिसत नाहीत, तरी हौसेने बसले शिवायला."

सुचेताची कानशिलं तापली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"असू दे आई," ती म्हणाली. "होतं असं कधीकधी."