पाठीखालचा तळहात

रिस्पाने आधी दोन्ही दारं पाहिली. मग इमारतीला वळसा घालून ती मागच्या बाजूला गेली आणि कपाळावर हात धरून वरचा पत्रा पाहू लागली.

पुढे ओसऱ्या दोन होत्या, कुलपं दोन, पायपुसणीही दोन. वर पत्रा मात्र एकच होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.

"खोल्या वेगळ्या आहेत आजी," रिसॉर्टची मुलगी म्हणाली. "हे बघा, चाव्या दोन."

"आणि छपरं किती, बाळ?"

मुलगी सरोवराकाठच्याच गावातली होती. तिने वर पाहिलं आणि जीभ चावली. "साहेबांनी फोनवर दोन वेगळी घरं सांगितली होती. आमच्या माणसाने दोन दारं लिहून घेतली. आता ईस्टरची गर्दी आहे हो, एक खाटसुद्धा रिकामी नाही."

सासूने जावयाच्या छपराखाली झोपायचं नाही. त्याच्या ताटाला ताट लावून जेवायचं नाही. त्याला उघड्या अंगाने पाहायचं नाही आणि आपण त्याला तसं दिसायचं नाही. रिस्पाला हे कोणी बसवून शिकवलं नव्हतं. चालायला आलं, बोलायला आलं, तसंच हेही आलं. लेकीच्या, अपोंडीच्या, लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि नैरोबीच्या तिच्या घरी रिस्पाने एकही रात्र काढली नव्हती. जायची, चहा घ्यायची, दिवेलागणीच्या आत चुलत बहिणीकडे निघून जायची. नाताळात लेक गावी यायची ती सासरी. माहेराच्या वाट्याला एक दिवस, तोही स्वयंपाकात सरायचा. त्यामुळे नात नऊ वर्षांची झाली तरी रिस्पाला ती तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक होती. एका नाताळात दात पडलेला, पुढच्या नाताळात आलेला.

तोड काढली ती जावयानेच. ओगोला कमी बोलणारा माणूस होता. तो अपोंडीला म्हणाला, "हॉटेल कोणाचंच घर नसतं. तिथे मी यजमान नाही आणि आई पाहुण्या नाहीत. दोन वेगळी घरं घेऊ. तीन दिवस त्यांना नात मिळेल." निरोप गावी पोचला. रिस्पाने चर्चमधल्या बायकांचा सल्ला घेतला. त्यांनी दोन रविवार खल केला आणि यात काही वावगं नाही असं ठरवलं. एकीने तर स्वतःची नवी छत्री देऊ केली.

त्यात नातीचं एक गुपित होतं. हावी पाण्याला घाबरायची. शाळेच्या पोहण्याच्या तलावात एकदा पाय घसरून तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून डोकं मागे टाकायचं म्हटलं की तिचं अंग लाकडासारखं व्हायचं. वर्गातली मुलं तिला 'दगड' म्हणत. मे महिन्यात पुन्हा पोहण्याचा तास सुरू होणार होता.

"दानी, तू मला शिकवशील?" तिने आजीला फोनवर कुजबुजत विचारलं होतं.

"का नाही? गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर तरंगायला शिकली. तुझी आईसुद्धा. मला फक्त तीन दिवस दे."

त्या दिवसापासून नात कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडत होती, आणि तिकडे आजीही.

आता एका पत्र्याखाली उभी राहून रिस्पा म्हणाली, "मी परत जाते. बोट अजून गेली नसेल."

"आई!" अपोंडीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सहा तास गाडी चालवून आलोय आम्ही. तू पत्रे मोजत बसलीयेस!"

ओगोला जरा दूर, गाडीपाशी पाठ फिरवून उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो बायकोला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "मी गाडीत झोपतो. गाडीला तिचं स्वतःचं छप्पर आहे."

यावर रिस्पा काहीतरी बोलू शकली असती. सासू-जावयाचं बोलणं नेहमी तिसऱ्याच्या तोंडून होतं, आणि तिसरं माणूस तिथे हजर होतं. 'सांग त्याला, देव त्याचं भलं करो,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिने नुसती पिशवी उचलली आणि डाव्या दारातून आत गेली.

दुपारी ती तयार झाली. झगा, त्यावर लेसोचं जाड कापड घट्ट गुंडाळलेलं, डोक्याला फडकं. बोगनवेलीच्या कुंपणापलीकडे रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव होता. ती कुंपणापर्यंत गेली आणि थबकली. ओगोला कमरेइतक्या पाण्यात उघडा उभा होता आणि हावी त्याच्या गळ्याला माकडाच्या पिलासारखी चिकटली होती. रिस्पा अशी झटकन वळली की तिची एक चप्पल तिथेच राहिली.

ओगोलाला सासू दिसली नाही. वळणारा लेसोचा पदर तेवढा दिसला, आणि मग कुंपणाखाली पडलेली चप्पल.

चप्पल संध्याकाळी तिच्या दाराशी आली, धुतलेली.

रविवारी उजाडताना रिस्पाने खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. गाडीच्या काचेला आतून टॉवेल लावला होता. दार उघडून ओगोला बाहेर आला, एका हाताने मान धरून, दुसऱ्याने कंबर. उंच माणूस. खुराड्यात कोंबडी बसावी तसा रात्रभर बसला असणार. रिस्पाने पडदा सोडला.

थोड्या वेळाने गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

"कुठे गेला?" तिने चहा घेऊन आलेल्या अपोंडीला विचारलं.

"चर्चला. तिथून कुणाकडे तरी जाणार आहे म्हणे. संध्याकाळी येईल."

"तुम्हाला न घेता? ईस्टरच्या दिवशी?"

"मीही तेच म्हटलं. म्हणाला, तुम्ही इथल्याच प्रार्थनेला जा."

"रागावलाय तो."

"तो म्हणाला तसं?"

"म्हणायला कशाला हवं? स्वतःच्या पैशाने घेतलेल्या खाटेवरून मी त्याला उठवलं. आता माझं तोंड बघायला नको म्हणून निघून गेला."

"आई, तू लहान पोरांना पोहायला शिकवतेस की मोठ्यांच्या मनातलं वाचायला?" अपोंडी तळलेली मांडाझी तिच्या पुढे सरकवत म्हणाली. "खा. आणि मग पाण्यात जा. पोरगी सकाळपासून पोहायचे कपडे घालून बसलीये."

पण रिस्पाच्या मनाने घेतलं होतं. जावई मान अवघडून उन्हातान्हात फिरतोय आणि सासू तलावात डुंबतेय! तो अर्ध्या वाटेतून परतला तर? तिने ठरवलं, आपण आज खोलीतच राहायचं. दार लावून. म्हणजे तो येईल तेव्हा तलाव त्याला मोकळा मिळेल, बायकोमुलीबरोबर चार घटका सुखाने जातील. सासूने एवढं तरी करावं.

म्हणून हावी आली तेव्हा ती म्हणाली, "गुडघा दुखतोय ग, राणी. थोड्या वेळाने."

पुन्हा हावी आली, केस कोरडे, हातात काठी. "ही धरून चालशील का, दानी? मी तुला दुसऱ्या बाजूने धरते."

"जरा ऊन उतरू दे."

तळलेली मासळी आणि मक्याची उगाली जेवून झाल्यावर हावी परत आली. या वेळी तिने काही विचारलं नाही. खाटेवर आजीच्या पायापाशी बसली आणि कुठला गुडघा ते विचारून चोळत राहिली. तिचे हात छोटे होते आणि ती मन लावून चोळत होती. त्या ठणठणीत गुडघ्यावर ते हात फिरताना रिस्पाला भाजल्यासारखं झालं. तोंडापर्यंत आलं होतं, 'चल.' पण बाहेर कुठली तरी गाडी वाजली आणि ती गप्प राहिली. गाडी दुसऱ्याच कुणाची होती.

खिडकीतून तलावाचा कोपरा दिसत होता. सगळी माणसं जेवून झोपली होती. निळं पाणी नुसतं पडून होतं. हावी काठावर पाय सोडून बसली होती आणि मधूनमधून मागे वळून डाव्या दाराकडे पाहत होती.

पाच वाजून गेले तेव्हा ओगोला आला. येताना गाडीचा हॉर्न त्याने फाटकापाशीच दोनदा वाजवला. आत यायच्या आधी इतका गाजावाजा का, हे रिस्पाला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी ती पहाटेच उठली. जे होईल ते होवो, आज पोरीला पाण्यात न्यायचंच. लेसो गुंडाळून ती कुंपणापाशी गेली तर तलावाभोवती दोरी बांधलेली, आणि एक माणूस लांब दांड्याने तळ खरवडतोय.

"औषध टाकलंय, आजी," तो म्हणाला. "गर्दीनंतर टाकावंच लागतं. उद्यापर्यंत कोणी उतरायचं नाही."

उद्या म्हणजे हे सगळे नैरोबीत असणार. रिस्पा दोरीपाशी तशीच उभी राहिली. मागून हावी आली आणि तिने आजीचा हात धरला.

"काल पाणी किती छान होतं, दानी. कुणीच नव्हतं."

"तुझा बाबा असता तर त्याच्याबरोबर खेळली असतीस. माझ्यामुळे तो गेला."

हावीने ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता काल होऊन गेला ना, मग चालेल?"

"काय सांगू नको म्हटलं होतं?"

"ते म्हणाले, मी पाचपर्यंत येणार नाही. येईन तेव्हा फाटकापाशी हॉर्न वाजवीन. तोवर तलाव तुझा आणि दानीचा. पण हे दानीला सांगायचं नाही. जावयाने असं बोललेलं बरं दिसत नाही." तिने वर पाहिलं. "ते कुणाकडेच गेले नव्हते. बाजारातल्या आंब्याच्या झाडाखाली बसले होते दिवसभर. आईलासुद्धा काल संध्याकाळीच सांगितलं."

माणूस दांड्याने तळ खरवडत होता. खर्र, खर्र. रिस्पाला कालचा अख्खा दिवस डोळ्यांसमोर दिसला. तो तिथे झाडाखाली, ती इथे बंद दाराआड, एकमेकांना मोकळीक देत बसलेले. आणि मध्ये रिकामा तलाव आणि काठावर पोर.

"ये," ती म्हणाली.

तिने लेसो सोडला आणि गवतावर पसरला. "झोप पाठीवर. असं समज, हे पाणी आहे." हावी झोपली. रिस्पाने गुडघे टेकले, अगदी सहज, आणि तळहात तिच्या पाठीखाली सरकवला. मणक्यांची माळ हाताला लागली. "मला माझ्या आजीने असंच धरलं होतं, सरोवरात. आता डोकं मागे सोड. हनुवटी वर. आभाळ बघ. पोट फुगव. हात आहे बघ खाली."

"आहे."

"तो आहे तोवर काही होत नाही. मग एक वेळ अशी येते की हात असतो, पण तुला तो लागत नाही. तेव्हा मी काढून घेते. तुला कळतसुद्धा नाही."

"आता काढ."

रिस्पाने हात काढला. हावी गवतावर पडून होती, जशीच्या तशी. जमिनीवर कोण बुडतं?

"तरंगले?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"तरंगलीस," रिस्पा म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

दहा वाजता बोटीच्या धक्क्यावर जाणारी मोटरसायकल तिला न्यायला आली. ओगोला गाडीत सामान भरत होता, पाठ अर्धी वळवून, रीतीप्रमाणे. रिस्पा थांबली. हावीच्या खांद्यावर हात ठेवून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हावी, तुझ्या बाबांना सांग, म्हातारीचा गुडघा दुखत नव्हता."

ओगोलाचे हात पिशवीवर थांबले. क्षणभराने तोही झाडांकडे बघत म्हणाला, "हावी, दानीला सांग, आंब्याखाली सावली चांगली होती. काही त्रास झाला नाही." आणि मग जरा हळू, "सांग, पुढच्या वेळी आधी पत्रा पाहीन."

हावी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "तुम्हाला दोघांना ऐकू आलंय," ती म्हणाली. "मी कशाला सांगू?"

अपोंडी हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

जुलैमध्ये फोन आला. रिस्पा दारात मासळी साफ करत बसली होती. तिने खवले लागलेला हात पदराला पुसला.

"दानी! मी तरंगले! पूर्ण लांबी, पाठीवर! आता मला कुणी दगड म्हणत नाही."

"शाब्बास ग माझी राणी! कोणी शिकवलं?"

"शाळेतल्या नव्या बाईंनी."

"त्यांनी पाठीखाली हात धरला का?"

"नाही, त्या पाण्यात उतरतच नाहीत. काठावरून शिट्टी वाजवतात. फेसाची एक फळी देतात, ती धरायची. मग ती पण काढून घेतात. पण मी हनुवटी वर ठेवली होती. तू सांगितलंस तशी."

"छान केलंस."

फोन ठेवल्यावर रिस्पाने पुन्हा सुरी घेतली. पण मासा उचलायच्या आधी तिने आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला. थोडा वेळ तो तसाच हवेत धरला, वर तळवा करून. मग कोंबड्या जवळ यायला लागल्या, तेव्हा तिने तो खाली घेतला आणि कामाला लागली.