जनरल तुर्नेलची पाठ

सकाळी दाढी करता करता जनरल सिल्वाँ तुर्नेलनं आवाज लावून पाहिला. “ब्रिगेड, थांब!” एवढंच म्हणायचं होतं. पहिला शब्द कसाबसा बाहेर पडला, दुसरा घशातच विरला. तंबूच्या दाराशी बसून रूसे बिगूल पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

“कसा होता?” जनरलनं कुजबुजत विचारलं.

“मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा,” रूसे म्हणाला. “कालच्यापेक्षा बरा म्हणायचा. काल मांजर मेलेलंच होतं.”

“थट्टा पुरे.”

“मग काय, रडत बसू? मध घातलेलं व्हिनेगर ठेवलंय, ते घ्या. आणि साहेब, दिवसभर तोंड बंद. बोलायचं ते मी फुंकतो.”

असं बोलायची मुभा फक्त रूसेला होती. दोघं एकाच वर्षी घोडदळात शिरले होते, एकाच दिवशी पहिल्यांदा घोड्यावरून आपटले होते. पुढे एक जनरल झाला आणि दुसरा बिगूलवालाच राहिला. त्याबद्दल रूसेनं कधी नाक मुरडलं नाही. उलट ‘निदान मला तरी झोप लागते’ असं तो चारचौघांत सांगायचा.

तुर्नेलची अख्खी कारकीर्द त्याच्या घशातून निघाली होती. बाप फ्रान्समधल्या सोन नदीवर होडी चालवायचा आणि पैलतीरावरच्या गिऱ्हाइकाला हाक घालायचं काम या पोराचं. क्रांतीच्या धामधुमीत पोरगा फौजेत गेला. इटलीत धुक्यातल्या एका लढाईत रेजिमेंट उधळली, कर्नल पडला, कोण कुठे आहे कुणाला कळेना. तेव्हा सार्जंट तुर्नेलनं नदीवरची ती हाक घातली, आणि चुकलेले स्वार आवाजाच्या रोखानं एकेक करून गोळा झाले. त्यानंतर बढत्याच त्याला शोधत आल्या. ऑस्ट्रियात कर्नल, पोलंडात जनरल. आवाजासारखीच त्याची पाठही प्रसिद्ध होती. शत्रूनं ती कधी पाहिली नव्हती. ती पाहायची त्याच्याच स्वारांनी, कारण हल्ल्यात तो सगळ्यांच्या पुढे असायचा आणि मागे वळून बघायचा नाही. मेजवान्यांमध्ये हे तो स्वतःच ऐकवायचा, जरा जास्तच वेळा.

मग रशियाची मोहीम झाली. तिथल्या बर्फात घोडे गेले, माणसं गेली, तुर्नेलच्या पायाची दोन बोटं गेली आणि आवाज गेला. बोटांचं सगळ्यांना माहीत होतं.

आता सॅक्सनीच्या उन्हाळ्यात त्याच्या हाताखाली नवी ब्रिगेड होती. द्राक्षमळ्यांतून, दुकानांतून, शाळांतून उचलून आणलेली पोरं, आणि परवापर्यंत गाडीला जुंपलेले घोडे. कवायतीला ना वेळ होता ना आवाज. म्हणून त्यानं पोरांना दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. तलवार उंच गेली की वेग वाढवायचा. बाकी सगळा वेळ जनरलच्या पाठीवर नजर ठेवायची आणि ती जाईल तिथे जायचं. पोरं हे मन लावून शिकली. इतकी की जनरल तंबूमागे मोकळा व्हायला निघाला तरी दोघंतिघं सवयीनं मागे चालू लागत, आणि छावणीभर हशा पिकायचा.

तुर्नेलला मात्र हसू येत नव्हतं. हल्ला सुरू करायला आवाज लागत नाही. आवाज लागतो तो थांबवायला. भरधाव सुटलेले शेकडो घोडे आपल्याच्यानं थांबतील का, हा एकच विचार त्याला रात्री झोपू देत नसे. खरं सांगून टाकलं असतं तर ब्रिगेड दुसऱ्या कुणाकडे गेली असती आणि त्याला पिछाडीला नव्या घोड्यांचे दात तपासायला बसवलं असतं. पोरांना माझी गरज आहे, असं तो मनाला समजावत असे. ते खोटं होतं. त्याला भीती होती ती घोड्यांच्या दातांची.

“साहेब, आज काही बिघडणार नाही,” व्हिनेगरचा पेला पुढे करत रूसे म्हणाला. “मी तुमच्या उजव्या हाताला. तुम्ही नुसती मान हलवा.”

“आणि तुला गोळी लागली तर?”

“मला? मी इतका बारीक, गोळीला मी सापडायला तर हवा!”

दुपारी कॅप्टन लांसाक घोडा फेसाळवत आला. तो जनरलचा तरुण मदतनीस होता. “सेनापती ग्रांसेंचा हुकूम, साहेब. पवनचक्कीजवळच्या तोफा घ्यायच्यात. ते टेकडीवरून दुर्बिणीनं पाहतायत.”

मध्ये सपाट शेत होतं आणि त्यात घोड्याच्या छातीला लागेल असं हिरवं पीक. त्यापलीकडे प्रशियन तोफा. तुर्नेलनं डोळे बारीक करून पाहिलं. शेत जरा जास्तच शांत वाटत होतं. पण हुकूम तो हुकूम. त्यानं तलवार उपसली, रूसेनं बिगूल फुंकला, ब्रिगेड निघाली. आधी चाल, मग दुडकी, मग भरधाव. मागून पोरांच्या आरोळ्या येत होत्या. तोफांचा पहिला बार डोक्यावरून गेला, दुसरा जवळच कुठेतरी पडला.

आणि पीक संपलं. समोर जमीनच नव्हती. खोल कापलेला ओढा, उभे काठ, तळाशी चिखल; आणि पलीकडच्या काठावर पिकात बसलेलं प्रशियन पायदळ बंदुका रोखून उठत होतं. डावीकडे दाट झाडी, उजवीकडे दलदल. पोरं या ओढ्यात एकावर एक कोसळणार होती.

त्यानं उजवीकडे मान हलवली. उजवीकडे कुणी नव्हतं.

“थांबा!” तो ओरडला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. त्यानं जीव खाऊन तलवार हवेत फिरवली. पण पोरांनी ती खूण शिकवल्याप्रमाणे ओळखली. त्यांनी जल्लोष केला आणि टाचा मारल्या.

मग एकच वाट उरली. पोरांना माहीत असलेली.

तुर्नेलनं घोड्याचा लगाम असा खेचला की जनावर मागच्या पायांवर उभं राहिलं. त्यानं घोड्याचं तोंड फिरवलं, येणाऱ्या दोन तुकड्यांमधल्या फटीतून उलटा सुटला आणि शत्रूकडे पाठ करून पळत निघाला. क्षणभर त्याला पोरांचे चेहरे दिसले. एवढ्या वर्षांत हल्ल्यातले चेहरे त्यानं कधी पाहिलेच नव्हते. मग चेहरे मागे गेले, आणि पोरांना पुन्हा पाठ दिसली. घोडे एकमेकांवर आपटले, काही पडले, काही ओढ्यात गेले. पण बाकीचे वळले. मागे टापांचा आवाज ऐकला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे पिकात रूसे होता. घोडा मरून पडला होता, त्याच्याखाली एक पाय अडकलेला, बिगूल चेपून शेजारी. जनरल थेट आपल्याकडे येताना पाहून तो कोपरावर उठला. त्याला वाटलं, साहेब आपल्यालाच न्यायला येतायत. त्यानं हात वर केला, हसलासुद्धा.

थांबलो तर सगळे थांबतील. या मोकळ्या रानात, तोफांच्या तोंडावर. तुर्नेलनं टाच मारली. रूसेचं हसू त्याच्या रिकिबीजवळून मागे गेलं. त्यानं वळून पाहिलं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी सेनापती ग्रांसे घोड्यावरून खाली येऊन उभे होते. दुर्बीण अजून हातात होती, चेहरा लाल झाला होता. “तुर्नेल! अख्ख्या टेकडीनं पाहिलं. तुम्ही पाठ दाखवलीत. तुम्ही!”

“साहेब, पुढे ओढा होता, तो दिसत नव्हता,” लांसाक मध्ये बोलला. “जनरलनी ब्रिगेड वाचवली. हे बघा, जवळजवळ सगळी पोरं—”

“तुम्हाला मी विचारलेलं नाही, कॅप्टन. थांबवायचं तर बिगूल असतो, हुकूम असतो. हे काय, तुर्नेल, पळत सुटलात?” ग्रांसे दोन पावलं पुढे आले. “कुणाला पाठ दाखवलीत, कळतंय का तुम्हाला? बोला, कुणाला?”

तुर्नेलचे ओठ हलले. “रूसेला.”

“काय? मोठ्यानं बोला. तुमचा आवाज तर नदीपार जातो म्हणतात.”

मागे पोरं घोड्यांवर तशीच बसली होती, त्याच्या पाठीकडे बघत, पुढच्या खुणेची वाट पाहत. तुर्नेलनं मान वळवली आणि मागच्या शेताकडे पाहिलं. तिथे धूर होता आणि उभं पीक होतं. त्यानं होडीवर हाक घालायच्या आधी घ्यायचा तसा श्वास भरून घेतला आणि पुन्हा तेच नाव घेतलं. शेजारी उभ्या असलेल्या लांसाकलासुद्धा ते ऐकू आलं नाही.