हौश्याच्या शिंगांचा रंग

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. स्वभावाने मी जळकी आहे, हेही आधीच सांगून टाकते. पुढे ऐकताना तुम्हाला ते कळणारच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळीशार होते. चौसाळ्याजवळच्या एका वाडीतल्या गहिनीनाथांनी मला बीडहून घरी आणले. त्यांच्या बायकोने, बायनाबाईंनी, माझ्या दिव्यावर कुंकू लावले आणि हँडलला झेंडूचा हार घातला. तो एक दिवस काय तो माझ्या कौतुकाचा. दुसऱ्याच दिवशी पाठीवर दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकले, पुढे टाकीवर तिसरी लहान बरणी बसली, आणि वाड्यावस्त्यांवरचे दूध सहकारी डेअरीवर पोचवण्याच्या कामाला मी लागले. ऊन असो, चिखल असो, मी कधी खाडा केला नाही. "गहिनीनाथची गाडी आली, आता घड्याळं लावून घ्या," असे डेअरीवरची माणसे म्हणायची. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

पण घरी आले की त्या मांसाचे पाणी व्हायचे. कारण घरी हौश्या होता.

हौश्या म्हणजे गहिनीनाथांचा पांढराशुभ्र बैल. गोठ्यात आम्ही शेजारी शेजारी उभे असायचो. तो पेरणीला राबायचा, नाही असे नाही. पण मी तर बाराही महिने राबत होते! तरी आल्यागेल्याचा हात आधी त्याच्या पाठीवर पडायचा. आणि पोळा आला की माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. गहिनीनाथ त्याची शिंगे तासून गुळगुळीत करायचे. बायनाबाई शिंगांना तेल चोळायच्या, मग लालभडक रंग द्यायच्या. वर झूल, गळ्यात घुंगरमाळ, पुढ्यात पुरणपोळी. माझ्या वाट्याला काय यायचे? रंगाचे हात पुसलेली चिंधी. ती माझ्याच सीटवर टाकलेली असायची.

तोवर बरणीच्या बुडाने घासून घासून माझ्या टाकीचा रंग उडाला होता. सांडलेल्या दुधाने गंज धरला होता. माझे पोपडे निघत होते, आणि हौश्याची शिंगे दर वर्षी नवी होत होती.

मग तो दुष्काळ आला. पाऊस आधी दोन सरी देऊन गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. गावात टँकर सुरू झाले. हौश्याला चारा छावणीत नेऊन बांधले. खरे सांगू? गोठ्यात एकटी उभी राहताना मला गारगार वाटले. पण दूध आटले, आणि डेअरीने आमच्या आणि जालिंदरच्या अशा दोन गाड्यांचे दूध एकाच गाडीवर आणायचे ठरवले. डेअरीचे सचिव आबासाहेब माझ्या टाकीवरून बोट फिरवत म्हणाले, "गहिनीनाथ, ह्यो गंज उद्या दुधात पडंल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी बगणार. नीट दिसली तर फेरी तुमची, न्हाई तर जालिंदरची. त्याची गाडी नवी हाय."

फेरी गेली असती तर मी सरळ भंगारात गेले असते. दुसरे काय काम होते माझे?

बीडच्या पेंटरचा भाव ऐकून गहिनीनाथ हात हलवत परत आले. तेव्हा बायनाबाईंनी फळीवरचा डबा काढला. पोळ्यासाठी आणून ठेवलेला, शिंगांचा लाल रंग!

"अगं, त्यो हौश्याचा हाय," गहिनीनाथ म्हणाले.

"यंदा ऱ्हाऊ द्या त्याची शिंगं तशीच. छावनीत कोन बगतंय? बुडाला उरंल त्याचा टिळा लावू त्याला."

मित्रांनो, माझ्या इंजिनात उकळ्या फुटल्या. हौश्याचा रंग मला! गहिनीनाथांनी कोरड्या काचपेपरने माझा गंज घासून काढला. खरे तर पाणी मारून घासायचे असते, पण पाणी होते कुठे? मग बायनाबाईंनी सवयीने खोबरेल तेलाचा हात माझ्या टाकीवरून फिरवला, शिंगांवरून फिरवायच्या तसाच, आणि वर लाल रंग दिला. मी अशी चमकले की बघत राहावे.

पोळ्याच्या सकाळी दोघे माझ्यावर बसून छावणीत निघाले. हौश्या कसा जळतो, ते मला डोळे भरून बघायचे होते. छावणीत सगळ्या बैलांची शिंगे रंगलेली, आणि मधोमध हौश्या बोडका, हाडे वर आलेला. मी मुद्दाम त्याच्या अगदी पुढ्यात उभी राहिले. त्याने मला हुंगले. ओळखले. आणि लाडाने मान वाकवून शिंग माझ्या टाकीवर खसाखसा घासले!

माझा सगळा रंग सालीसारखा सुटला. त्याचे एक शिंग लाल झाले, आणि माझी टाकी उघडी पडली.

"घ्या! घेतला बगा त्यानं त्याचा वाटा," बायनाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

गहिनीनाथांनी टाकीवर बोट फिरवले. बोट घसरले. "बायने, तेल लावलंतंस का काय?"

"मंग? शिंगाला लावतोच की."

"अगं, ही पत्र्याची हाय! तेलावर रंग धरतोय व्हय? उद्या आबासाहेबाच्या बोटाला सगळा आला असता!"

माझ्याच पोटातले पेट्रोल काढून त्यांनी टाकी पुसली. टिळ्यासाठी सोबत आणलेल्या डब्याच्या बुडाला हौश्यासाठी राखलेला रंग होता, तोही मलाच लावला. दिवसभर मी उन्हात, रंगलेल्या बैलांच्या रांगेत वाळत उभी होते. शेजारी हौश्या एका शिंगाने लाल आणि एका शिंगाने बोडका, निवांत रवंथ करत होता.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी बोट फिरवले. बोट कोरडे राहिले, आणि फेरी आमची झाली. त्या बैलाने मला वाचवले, याचा राग मला पुढे कितीतरी दिवस होता.

हौश्या म्हातारा होऊन गेला, त्यालाही आता बरेच पावसाळे झाले. बायनाबाई सवयीने पोळ्याला लाल रंगाचा डबा आणतात. आता तो अख्खा डबा माझा असतो. नटून मी गोठ्यात उभी राहते, पण हेवा करायला शेजारी कोणी नसते.

म्हणून सांगते मित्रांनो, घरच्या जुन्या गाडीला रंग द्याल तर आधी गंज काढा, तेलाचा हात पुसून घ्या आणि रंग नीट वाळू द्या. आणि शेजारचे कोणी लाडाने अंग घासायला आले, तर घासू द्या. ओरखडा काय, घरच्या घरी बुजवता येतो.