बाराव्या मजल्यावरची मेथी

सिंगापुरातल्या बिशानच्या त्या ब्लॉकमध्ये सकाळचे ऊन कधी घाईने येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीवर रंगवलेल्या आकड्यावर टेकायचे. मग खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळणाऱ्या कुणाच्या शर्टाच्या बाहीवरून घरंगळायचे. चपलांच्या मांडणीवर, सायकलच्या घंटीवर, बंद जाळीच्या दारांवर क्षणभर रेंगाळायचे. आणि शेवटी बाराव्या मजल्याच्या कॉरिडॉरमधल्या भिंतीवर, पत्ता सापडल्यासारखे, विसावायचे. नागसेन ते रोज पाहत असे. न बोलता ओळख ठेवणारे या शहरात तेवढेच आहे, असे त्याला वाटे.

त्या भिंतीवर मातीने भरलेले साठ कापडी खिसे टांगले होते. चांगी बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरच्या चुका शोधणारा, लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याआधी मनात दोनदा तालीम करणारा हा सव्वीस वर्षांचा तरुण दर शनिवारी ब्लॉकमधल्या मुलांना उभी बाग शिकवत असे. आज रहिवाशांच्या समितीच्या लिम आंटी पाहणीला येणार होत्या. बाग पसंत पडली तर वर्ग चालू. नाहीतर खिसे खाली, वर्ग बंद. आणि आठवड्यात त्याला आपणहून हाक मारणारी माणसे शनिवारीच भेटत.

त्याने मेथी पेरली होती. ती उगवली आणि पिवळी पडली. मग एके सकाळी चमत्कार घडला: देठ वीतभर वाढलेले, पाने भाल्यासारखी लांब! मेथी त्याने जन्मभर शिजलेलीच पाहिली होती. ‘दमट हवेशी जुळवून घेतले,’ अशी नोंद करून त्याने त्यावर चौतीस स्लाइड्स रचल्या.

त्याने एका पानाला हात लावताच वर्गातली चौदा वर्षांची आर्या ओरडली, “नका, अंकल! दे आर शाय लाह!”

नागसेनला ते तत्काळ पटले.

लिम आंटी आल्या. त्यांनी लाजाळूपणाची पर्वा न करता पान खुडले, चावले.

“कांगकाँग,” त्यांनी इथल्या रोजच्या पालेभाजीचे नाव घेतले. “आय फ्राय विथ गार्लिक. एव्हरी वीक.”

“नाही, मॅडम, मेथीच,” नागसेन इंग्रजीत पुटपुटला. “इथल्या हवामानामुळे… एकोणिसाव्या स्लाइडवर आहे.”

आंटींनी अख्खी जुडी उपटली. मुळांभोवती बाजारातला लाल रबरबँड होता.

“धिस ऑल्सो क्लायमेट, आह?”

मुले हसत सुटली. आर्याचा भाऊ तन्मय तर जमिनीवरच बसला.

“सॉरी अंकल,” आर्या म्हणाली. “मेथी गेली तेव्हा तुमचा चेहरा इतका सॅड होता ना… मग आम्ही मार्केटमधून मुळांवाली भाजी आणून खोचली. आता तिला नवी पानं पण आलीत, बघा.”

आंटींनी बघितली. “क्लास कॅन कंटिन्यू,” त्यांनी निकाल दिला आणि बोट आर्याकडे वळवले. “बट शी टीच. ही लर्न.”

नागसेन मान खाली घालून मुलांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पण नोंदींची वही त्याला मिटवेना.

“हवामानाचा काहीतरी परिणाम असणारच,” तो हळूच म्हणाला. “नाहीतर त्याच मातीत कांगकाँग कशी जगली?”

“ती पाण्यातच वाढते, अंकल,” तन्मय म्हणाला. “म्हणून तर तीच आणली. तुम्ही दिवसातून पाच वेळा पाणी घालता. बोट घाला बरं मातीत.”

त्याने बोट घातले. पेरापर्यंत चिखल लागला.

मेथी हवामानाने मेली नव्हती. नागसेननेच ती पाणी घालून घालून मारली होती.