झाकणाखालचा उसासा

जयसिंगरावांच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. निमोण्यातली निम्मी माणसं आत होती आणि उरलेली कुंपणाबाहेर टाचा उंचावून उभी होती. मधोमध एक पाट, पाटावर कोरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर जयसिंगरावांची कटर. पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांनी झाड कापणारी ती करवत. गावात तिला सगळे कटरच म्हणत. तिच्या मुठीला झेंडूचा हार घातला होता आणि तिच्यासमोर डोळे मिटून मशीनबाबा बसले होते.

मशीनबाबांचं मूळ नाव हौसराव. शिक्रापूरच्या अलीकडे हमरस्त्याला लागून त्यांचा मठ होता. भूत उतरवणं, मूलबाळ देणं असल्या जुन्या धंद्यात ते पडले नाहीत. काळ ओळखून त्यांनी बिघडलेली यंत्रं हाती घेतली होती. ट्रक, पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, काहीही आणा.

"यंत्राला जीव असतो," बाबा सांगत होते. "डिझेलच्या यंत्रात जेन्ट्स आत्मा. पेट्रोलच्या यंत्रात लेडीज. ही लेडीज हाय. आन् लेडीज असली की तिला घरात आलेली दुसरी लेडीज खपत न्हाई."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाबांना यंत्रं किती कळत होती ठाऊक नाही, पण माणसं चांगली कळत होती.

"आता गप ऱ्हावा. तिचा उसासा ऐका."

बाबांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळूहळू फिरवलं. 'स्स्स्स' असा आवाज आला. अंगणभर कुजबुज झाली. शेळ्यांना लस टोचायला आलो होतो आणि गर्दी बघून दाराशीच थांबलो होतो, तिथून मीही तो आवाज स्पष्ट ऐकला. बाबांनी झाकण लावलं, त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड थर फासला आणि जयसिंगरावांच्या मुलाला, पृथ्वीराजला खूण केली. त्यानं दोरी ओढली. कटर गरजली. बाभळीच्या ओंडक्यातून भुसा उडायला लागला आणि लोकांनी हात जोडले.

बाबा उठले, नारळ-दक्षिणा घेऊन जीपमध्ये बसले. ते कुठंच फार वेळ थांबत नसत. जीप वेशीबाहेर गेली असेल नसेल, तेवढ्यात कटरचा आवाज उगाच चढला, मग दम लागल्यासारखा खाली आला आणि बंद पडला. ओंडका अर्धाच कापून झाला होता.

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथं राजनंदिनी उभी होती. पृथ्वीराजची नवी बायको, खुटबावची लेक. तिनं पदर सावरला आणि आत निघून गेली.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. मी, महेंद्र, निमोण्याच्या दवाखान्यात गुरांचा डॉक्टर होतो. जयसिंगरावांची कटर जुनी, कुणाची तरी वापरलेली. निलगिरी, सुबाभूळ तोडायची कामं घेऊन बापलेक ती चालवत. दिवाळीनंतर पृथ्वीराजचं लग्न झालं, मग तोडणीचा हंगाम सुरू झाला आणि कटर बिघडली. शिरूरच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, जाळी साफ केली. त्यानं दुकानात पेट्रोल भरून चालू करून दाखवली की ती छान चालायची. घरी आणून लाकडाला लावली की थोड्या वेळानं बंद.

"म्हंजी मशीन चांगलं हाय," पुतळाबाईंनी निष्कर्ष काढला होता. त्या राजनंदिनीच्या सासूबाई. "घरातच काय तरी वावगं आलंय."

घरात नवीन काय आलं होतं, ते उघडच होतं. आधी तिला कटर पुसायला बंदी झाली. मग अंगणात मशीन असताना बाहेर यायला. आता बाबांनी फर्मान काढलं होतं की मशीन शांत होईपर्यंत सुनेला माहेरी पाठवा. खुटबावला निरोपही गेला होता. पृथ्वीराज आईला दोनदा काहीतरी बोलला, पण त्याचा आवाज त्या कटरपेक्षाही लवकर बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगराव धापा टाकत दवाखान्यात आले.

"डॉक्टर, म्हैस बसली. रातीच व्याली, आन् आता उठंना."

गेलो. म्हैस मान पोटाकडे वळवून पडली होती, कान गार. व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरलं की असं होतं. जवळ राजनंदिनी तिच्या पाठीवर पोतं टाकून बसली होती. लांबून पुतळाबाई म्हणाल्या, "ऊठ तिथनं! मशीन झालं, आता म्हशीवर आली."

राजनंदिनी उठली. मी म्हणालो, "काकू, मला बाटली धरायला कुणीतरी पाहिजे. तीच धरू दे."

म्हशीच्या मानेतल्या शिरेत सुई घातली आणि तिला नळीनं जोडलेली कॅल्शियमची काचेची बाटली उलटी करून राजनंदिनीच्या हातात दिली. घाईत मी एक गोष्ट विसरलो. थोड्याच वेळात ती म्हणाली, "डॉक्टर, थेंब थांबलं."

"हां, हवेची सुई राहिली." मी बाटलीच्या रबरी बुचात दुसरी एक मोकळी सुई खुपसली. बाटलीत गुडगुड बुडबुडे वर गेले आणि धार सुरू झाली.

"ही दुसरी सुई कशाला?"

"आतलं औषध कमी होईल तशी त्या जागी हवा यायला पाहिजे. नाही आली तर आत ओढ बसते आणि औषध खाली उतरत नाही."

ती बुडबुड्यांकडे बघत राहिली. बाटली संपत आली तेव्हा हळूच म्हणाली, "मग कटरच्या टाकीत हवा कुठनं जाती, डॉक्टर?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"पेट्रोल तर संपत जातं ना?" ती म्हणाली. "आन् बाबा झाकण उघडत्यात तवा स्स्स वाजतं. आतनं बाहेर येणारा उसासा नसंल तो. बाहेरची हवा आत जात असंल."

खरं सांगतो, मी रोज बाटल्यांना हवेच्या सुया टोचणारा माणूस, काल दारात उभा राहून तो आवाज ऐकला होता. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

तेवढ्यात म्हशीनं ढेकर दिला, अंग थरथरवलं आणि ती उठून उभी राहिली. पुतळाबाईंनी मला हात जोडले. "डॉक्टर, देवमाणूस तुमी!"

"देव नाही काकू, कॅल्शियम. पृथ्वीराज, कटर आण बघू."

झाकणाच्या मधोमध हवेसाठी बारीक भोक होतं. म्हणजे असायला हवं होतं. वर शेंदराचा पापुद्रा, खाली तेलात भिजलेला भुसा आणि आणखी जुना शेंदूर. राजनंदिनीनं झाकण पेट्रोलमध्ये धुतलं, सुईनं भोक मोकळं केलं, आरपार उजेड दिसेपर्यंत.

"हा जुना शेंदूर कुणी लावला?" मी विचारलं.

"खंडेनवमीला मीच की," पुतळाबाई म्हणाल्या. "हत्यारं पुजायची आस्त्यात."

खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. लग्न दिवाळीनंतर. मधल्या काळात कटर कोनाड्यात पडून होती. बिघाड सुनेच्या आधीच घरात आला होता, पण कुणी हिशेब लावला नव्हता.

पृथ्वीराजनं दोरी ओढली. कालचा अर्धा ओंडका कापून झाला. दुसरा झाला, तिसरा झाला. आवाज एकदाही बसला नाही. जयसिंगराव लहान मुलासारखे हसायला लागले. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

पुतळाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा! बाबांचा गुण. जरा उशिरा आला एवढंच."

मी कपाळाला हात लावला. राजनंदिनीनं बाटली धुऊन माझ्या पिशवीत ठेवली.

गुण आल्याची बातमी शिक्रापूरला पोचायला कितीसा वेळ लागतो! पुढच्या गुरुवारी बाबा आले, गर्दी परत जमली. त्याच दिवशी राजनंदिनीचे वडील तिला न्यायला खुटबावहून आले होते आणि ओसरीवर खाली मान घालून बसले होते. तिची पिशवी भरलेली होती.

"आत्मा शांत झालाय," बाबा म्हणाले, "पण पोरगी घरात ऱ्हायली तर परत येणार. तिला धाडा."

मी पुढे झालो. "बाबा, मलापण थोडी विद्या येते. आत्मा परत बोलावून दाखवू?"

बाबांच्या कपाळावर आठी पडली. लोक मात्र खूश झाले. फुकटात दोन दोन बाबा कोण सोडतं?

"राजनंदिनी," मी म्हणालो, "तू वडलांबरोबर मारुतीच्या देवळात जाऊन बस. बोलावल्याशिवाय येऊ नकोस." ती गेली. ती दिसेनाशी झाल्याची मी सगळ्यांकडून खात्री करून घेतली. मग बाबांच्याच ताटातला शेंदूर घेतला, झाकणाच्या भोकावर नीट थापला आणि डोळे मिटून म्हणालो, "ओम कॅल्शियमाय नमः."

शाळेतली पोरं फिसकली. पृथ्वीराजनं कटर चालू करून ओंडक्याला लावली. भुसा उडायला लागला. लोक वाट बघत होते. आवाज चढला, धाप लागली, बंद.

सवयीनं सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या; दार रिकामं होतं.

"आता पोरगी कुठंय?" मी विचारलं.

"देवळात," कुणीतरी म्हणालं.

"मग हिच्यावर सावली कुणाची पडली?"

मी झाकण फिरवलं. 'स्स्स्स'. "हा उसासा. बाबांनी काढला तसाच मीही काढला. आता तिला बोलवा."

राजनंदिनी आली. मी तिला कटरच्या अगदी समोर, भुसा अंगावर येईल इतकी जवळ उभी केली. मग तिनंच झाकणाचा शेंदूर पुसला, भोक मोकळं केलं. पृथ्वीराजनं दोरी ओढली. ओंडका कापून संपला तरी कटर गरजतच होती. शेवटी त्यानं स्वतः बंद केली.

मग मी कॅल्शियमच्या बाटलीत पाणी भरून सगळ्यांना दाखवलं. एका सुईनं थेंब थांबतात, दुसरी टोचली की धार लागते. "टाकीतपण असंच होतं. झाकण उघडलं की हवा आत जाते, मशीन थोडा वेळ चालतं. तेवढ्यात बाबा जीपमध्ये बसतात."

"आमी श्रद्धेनं शेंदूर लावतो," बाबा म्हणाले. "त्यात पाप न्हाई."

"लावा की," इतका वेळ गप्प असलेले जयसिंगराव उठले. "मुठीला लावा, पात्याला लावा. पर बरूबर झाकणाच्या मधीच कसा लागतो तुमचा शेंदूर?"

बाबा नारळ उचलून जीपकडे बघायला लागले. तेवढ्यात गर्दीतून दगडाबाई ओरडल्या. त्यांची इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. "आगं बया! माझ्या इंजनाच्या झाकणालाबी ह्यांनीच फासलाय की! तवापासनं निम्मं दळण करून बंद पडतंय!" आणि त्या पदर खोचून गिरणीकडे पळाल्या. त्यांच्या मागं अर्धी गर्दी पळाली. थोड्या वेळानं गिरणीची टुकटुक ऐकू यायला लागली, ती थांबलीच नाही.

बाबांची जीप तेव्हा कधी निघून गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुतळाबाई सुनेजवळ आल्या. "ऱ्हा गं बाई. माझं चुकलं."

राजनंदिनीनं त्यांचा हात हातात घेतला, पण पिशवी खाली ठेवली नाही. "आत्या, मला राग न्हाई. पर मशीन बंद पडलं तवा तुमी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् हे" – तिनं पृथ्वीराजकडे पाहिलं – "खाली बघत हुते. मी आईकडं थोडी ऱ्हाते. मग येते."

ती वडलांबरोबर गेली. कुणी अडवलं नाही. काही दिवसांनी पृथ्वीराज खुटबावला गेला. तिथं सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, असं तिनंच मला नंतर सांगितलं. ती परत आली. पुढं शेजारपाजारची मोटर, फवारणीपंप बिघडला की बायका आधी तिला हाक मारायला लागल्या.

मी काही त्या गावाला फार शहाणं करून सोडलं नाही. हौसरावांचा मठही लगेच बंद पडला नाही. हमरस्त्यावर बिघडणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय. यंत्र बंद पडलं तर यंत्राला विचारा. कधी बंद पडतं, कधी चालतं, काय केल्यावर चालतं, ते बघा. कुणी त्यात आत्मा आहे म्हणालं तर त्याला तेच परत, सगळ्यांसमोर, आपल्या अटींवर करून दाखवायला सांगा. आणि एवढं सगळं करायला वेळ नसेल, तर निदान घरात नवीन आलेल्या पोरीकडं बोट दाखवू नका. मशीन केव्हाही दुरुस्त करता येतं.