शेवटचा नग

घरामागे भाजीची बाग असलेल्या बाईला बाजारातून भेंडी आणावी लागते, हे ऐकून कोणालाही हसू येईल. वहिनींना येत नसे. गल्लीतले लहानथोर त्यांना वहिनीच म्हणत, आणि त्या बाजारातून परतल्या की कोणीतरी हमखास पिशवीत डोकावून विचारी, "काय वहिनी, घरची बाग असून भेंडी विकतची?" सुरुवातीला त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पुढे नुसतं "हो" म्हणून चालू लागत. घरची भेंडी झाडावर वाळत होती. बियांसाठी.

हे सगळं स्टोअरकीपरांचं कर्तृत्व. स्टोअरकीपर म्हणजे वहिनींचे यजमान. कारखान्यातून निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिथल्या स्टोअरमध्ये स्क्रूपासून बेअरिंगपर्यंत सगळा माल त्यांच्या ताब्यात असे आणि त्यांचा एक नियम होता. शेवटचा नग बाहेर जाणार नाही. नवा माल येऊन पोहोचेपर्यंत शेवटचा नग फळीवरच राहील, मग तिकडे मशीन बंद पडो नाहीतर मॅनेजर खिडकीशी येऊन हातापाया पडो. "शिल्लक नाही" हे शब्द आपल्या तोंडून नोकरीभर कधी निघाले नाहीत, याचा त्यांना केवढा अभिमान. कामगार म्हणायचे, या स्टोअरमध्ये सगळं असतं, मिळत काही नाही. हेही ते घरी येऊन कौतुकाने सांगत. त्यात आपली टिंगल आहे हे त्यांच्या गावीही नसे.

बाग सुरू झाली ती आक्कांमुळे. आक्का ही स्टोअरकीपरांची मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, लग्न केलं नाही, आणि भावाच्या संसारात खिडकीजवळची खोली तिची झाली. मागच्या वर्षी आक्कांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ताजं, स्वच्छ खायला घाला. झालं, स्टोअरकीपरांनी ते मनावर घेतलं. औषध फवारलेलं एक पान आक्काच्या पोटात जाता कामा नये, असं जाहीर करून त्यांनी मागचं अंगण खणायला काढलं, आणि वहिनींच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या त्याच दिवशी उतरल्या.

खोटं कशाला बोलायचं, बाग फुलली. माणूस चिकाटीचा. कंपोस्टचा पिंप रोज काठीने ढवळायचा, वाळल्या पानांचं पांघरूण घालून मातीत ओल धरायची, टोमॅटोंच्या मध्ये झेंडू लावायचा, मावा दिसला की साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसायचं, सगळं मन लावून. वहिनींनी कांदा चिरला की सालं गोळा करायला हे दारात हजर. केळं खाताना आपल्यावर नजर आहे असं वाटून वहिनींचा घास अडकायचा.

पण घोडं पेंड खायचं ते पुढे. "आधी साठा, मग वाटप," ते म्हणायचे. पहिलं चांगलं फळ बियाण्याला. दुसरंही बियाण्याला, कारण पहिल्याचं बी उगवलं नाही तर? कोथिंबिरीला फुलं येऊन गेली. पालक वहिनींच्या खांद्याला लागला. वांगी पिवळी पडून झाडावर लोंबली. शेंगा वेलीवरच खुळखुळू लागल्या. घरातली प्रत्येक बरणी बियांनी भरली, साखर कागदी पुडीत राहायला आली, आणि एकदा चहाच्या डब्यात हात घातला तर मुळ्याचं बी निघालं. वहिनींनी कपाळावर हात मारला. जगातली सगळ्यात निरोगी भाजी त्यांच्या घरी पिकत होती आणि ती कोणी खाल्ली नव्हती.

आता, नियम वहिनींचाही एक होता. त्या घरी शिवणकाम करीत आणि त्यांची मोठी कात्री कापडाशिवाय कशालाही लावायची नाही, हे साऱ्या घराला माहीत होतं. स्टोअरकीपरांनी एकदा वेल बांधायची सुतळी त्याच कात्रीने कापली होती. त्यानंतर वहिनी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत, ताट मात्र वेळेवर आपटत होत्या. तेव्हापासून त्या कात्रीकडे ते लांबूनच बघत.

या उन्हाळ्यात आक्कांच्या खिडकीच्या गजांवर काकडीचा वेल चढला. फुलं भरपूर आली, पण बहुतेक नर. स्टोअरकीपर रोज सकाळी कापसाची काडी घेऊन मादी फुलं शोधत आणि स्वतःच परागकण लावत. वहिनींना ते बघवत नसे. एवढं करून काकड्या धरल्या तीनच, आणि त्यांतल्या दोन फळमाशीने आतून सडवल्या. तेव्हा मात्र गाडी शिलाई मशीनपाशी आली. "अगं, अस्तराच्या कापडाची एक पिशवी शिवून दे ना. नाडीची." वहिनींनी दिली. तिसरी काकडी त्या पिशवीत वाढली. आक्का पलंगावर पडल्या पडल्या ती पिशवी फुगताना बघत. सकाळी भाऊ नाडी सोडून आत बघायचा तेव्हा त्यांनाही काकडी दिसे. हिरवी, काटेरी, देठाशी पांढुरकी.

आणि अशात आक्कांना ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. मऊ भात दिला की दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. सुपाच्या वासाने तोंड फिरवायच्या. दूध-पाव, उकडलेला बटाटा, फळांचा रस, वहिनींनी काय म्हणून करायचं बाकी ठेवलं नाही. नाकी नऊ आले. हाताची हाडं मोजता येतील अशी दशा झाली. शेवटी डॉक्टर येऊन म्हणाले, सोमवारपर्यंत या आपणहून खायला लागल्या नाहीत तर दवाखान्यात न्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल.

"घाला," आक्का म्हणाल्या. "मी ओढून काढीन."

आणि त्या काढतील यात वहिनींना शंका नव्हती.

रविवारी सकाळी वहिनी ताट घेऊन गेल्या तेव्हा आक्का खिडकीकडे बघत होत्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "ती काकडी दे मला. मीठ लावून."

एवढ्या दिवसांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. वहिनींना इतका आनंद झाला की ताट तिथेच ठेवून त्या मागच्या दारी धावल्या. स्टोअरकीपर पिंप ढवळत होते.

"अहो, आक्का काकडी मागतायत."

"आणतो की बाजारातून."

"बाजारातली नाही. खिडकीवरची."

काठी थांबली. "ती कशी देता येईल? ती बियाण्याची आहे. अजून पिवळी व्हायचीय."

"त्या खायला मागतायत. स्वतःहून."

"अगं, पण एकच आहे."

"एकच आहे म्हणून तुम्हाला विचारतेय. नाहीतर कधीच तोडून दिली असती."

"शेवटचा नग आहे तो," स्टोअरकीपर म्हणाले, आणि काठी पुन्हा फिरू लागली.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरात आजारी माणूस, सकाळची वेळ, शेजारी जागे. त्या दातओठ खात आत आल्या. थोड्या वेळाने स्टोअरकीपर खरंच बाजारात जाऊन चांगल्या कोवळ्या काकड्या घेऊन आले, स्वतः धुतल्या, स्वतः चिरल्या. आक्कांनी एक फोड उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"हिला वासच नाही."

"आक्का, ती बियाण्याची आहे गं," स्टोअरकीपर पलंगावर टेकून म्हणाले. "तिचं बी धरू दे. पुढच्या वर्षी तुला टोपलीभर काकड्या देतो बघ. रोज एक."

आक्कांनी भावाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, बाळ्या." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

ते "बरं" वहिनींना दिवसभर टोचत राहिलं. भांडणाऱ्या, नळी ओढून काढीन म्हणणाऱ्या आक्का त्यांना परवडल्या असत्या. दुपारचं ताट तसंच परत आलं. आक्कांनी नको सुद्धा म्हटलं नाही, डोळेच उघडले नाहीत. वहिनी मशीनवर बसल्या आणि एका ब्लाउजची बाही उलटी जोडून बसल्या. ती उसवताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आता हे सहन होणार नाही.

ऊन कलून आक्कांचा डोळा लागल्यावर त्या मागच्या दारी गेल्या. स्टोअरकीपर वेलाला पाणी घालत होते, मुळाशी, हळूहळू, माती वाहून जाऊ नये म्हणून हात आडवा धरून.

"उद्या सोमवार आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला बहीण हवी आहे की काकडी?"

"असं काय बोलतेस."

"मग कसं बोलू? बागेसाठी दोऱ्या दिल्या, बरण्या दिल्या, पिशवी शिवून दिली. तुमचा तो पिंप इतके दिवस मुकाट्याने सहन केला. ज्यांच्या नावाने हे सगळं केलंत त्यांच्या पोटात यातलं पानही गेलेलं नाही. आणि आज त्या एक वस्तू मागतायत तर तुम्ही त्यांना पुढच्या वर्षीचा वायदा करता?"

स्टोअरकीपरांनी झारी खाली ठेवली. वहिनींना वाटलं, आता हे बी कसं धरतात ते समजावून सांगणार.

"ऑपरेशन झालं ना," ते म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं. म्हणाले, वर्ष निघालं तरी पुष्कळ."

वहिनी बघतच राहिल्या. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तुला सांगून काय झालं असतं? तुझंही जेवण गेलं असतं." ते वेलाकडे बघत बोलत होते. "फळीवर माल असला ना, की मागणी येतेच. नोकरीभर बघितलंय मी. वाटायचं, ही वस्तू कोणाला लागणार आहे, आणि कोणीतरी यायचंच घ्यायला. म्हटलं, आक्कासाठी पुढच्या वर्षाचं सगळं बी भरून ठेवलं तर... वेडेपणाच आहे, कळतं मला. पण दुसरं काय करणार होतो?"

वहिनींना रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. या माणसाबरोबर आयुष्य काढलं. एवढं मोठं ओझं मूग गिळून एकट्याने वर्षभर वाहिलं त्याने, आणि वाहिलं तेही कसं, तर मुळ्याचं बी चहाच्या डब्यात भरून. रागवावं तरी कुठून सुरू करावं?

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "त्यांना भूक आत्ता लागलीय. पुढच्या वर्षी नाही."

वहिनी आत गेल्या, मशीनवरून कात्री उचलली आणि बाहेर येऊन त्यांच्यापुढे धरली.

"ही?" ते दचकले. "कापडाची?"

"कापा."

त्यांनी नाडी सोडली. काकडीच्या एका अंगाला पिवळी झाक चढली होती. देठ जाड झाला होता. कात्री दोनदा घसरली. वहिनींनी वेल धरला, मग एकदाची काकडी सुटली.

साल जून झाली होती म्हणून वहिनींनी ती काढून टाकली, फोडी केल्या, मीठ लावलं. आक्कांना उठवून पाठीशी उशी दिली. आक्कांनी बशीकडे पाहिलं, खिडकीवरच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, आणि एक फोड तोंडात घातली.

"जून झालीय," त्या म्हणाल्या. "आंबटही आहे. किती दिवस ठेवलीस रे, बाळ्या."

आणि दुसरी उचलली.

स्टोअरकीपर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. फोडीच्या मध्ये बिया चांगल्या भरल्या होत्या, आणखी थोडे दिवस मिळते तर तयार झाल्या असत्या. त्यांची नजर बशीवर गेलेली बघून वहिनींनी डोळे वटारले. त्यांनी मान खाली घातली.

"आक्का, बिया काढून देऊ का?" वहिनींनी विचारलं. "कडक असतील."

"चावतेय ना मी. दात आहेत अजून."

आक्का बियांसकट खात होत्या. सावकाश, एकेक फोड, मध्ये दम घेत. बिया दाताखाली कटकट वाजत होत्या आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. बशी रिकामी झाली. तळाशी राहिलेलं खारट पाणीही त्यांनी बशी तिरकी करून पिऊन टाकलं, पदराला हात पुसले आणि भावाकडे बघितलं.

"अजून आहे?"

स्टोअरकीपरांनी तोंड उघडलं. वहिनींना वाटलं, आता हे पुन्हा टोपलीभर काकड्यांचं काढतात की काय. पण त्यांनी बशी आक्कांच्या हातून घेतली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नाही, आक्का. शिल्लक नाही."

"बरं," आक्का म्हणाल्या. हे "बरं" सकाळच्यासारखं नव्हतं. "मग शेंगा काढ. कुंपणाकडच्या हिरव्या आहेत अजून, मला दिसतायत. त्यांचं काही बी-बियाणं धरू नकोस."

स्टोअरकीपर निघाले. वहिनींची कात्री अजून त्यांच्याच हातात होती, पात्यांना चीक लागून चिकट झालेली. वहिनींनी ती पाहिली, आणि त्या मुकाट्याने शेंगांसाठी पाणी उकळायला ठेवायला गेल्या.